अ‍ॅक्टिव्हेट झालेला बीटाही संपतो, कारण आत दोन मुदती चालू असतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: मायक्रोसॉफ्ट ऑफिसची प्री-रिलीज आवृत्ती, म्हणजे अंतिम होण्याआधी चाचणीसाठी दिलेला बीटा, उतरवून घेतली, सोबत मिळालेली 'की' (परवान्याचा अक्षर-अंकी क्रमांक) टाकली, अकाउंटच्या पानावर 'प्रॉडक्ट अ‍ॅक्टिव्हेटेड' असं स्वच्छ दिसतंय. तरीही वर पट्टी येते की ही आवृत्ती अमुक तारखेला बंद होणार. अ‍ॅक्टिव्हेट झालंय तर बंद कसं पडेल? आणि 'रीआर्म' करून मुदत वाढते म्हणतात, ते इथे चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे: नाही चालणार. रीआर्म ज्या मुदतीला हात लावतो ती वेगळी आणि तुमच्या पट्टीवर दिसतेय ती वेगळी. बीटाबद्दलचा बहुतेक सगळा गोंधळ या एका गोष्टीतून येतो, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. अनेक वर्षं कार्यालयांमधली मशीन सांभाळताना हा प्रश्न प्रत्येक नव्या आवृत्तीच्या वेळी कोणी ना कोणी विचारतंच.

पहिली मुदत अ‍ॅक्टिव्हेशनची. सॉफ्टवेअर बसवल्यापासून ते 'ही प्रत खरी आहे' हे सिद्ध करेपर्यंत जी सवलत मिळते, तिला ग्रेस पीरियड म्हणतात. ऑफिसमध्ये अ‍ॅक्टिव्हेशन सगळीकडे आलं ते २००१च्या ऑफिस एक्सपीपासून. तेव्हा सवलत दिवसांत मोजत नसत, प्रोग्राम किती वेळा उघडला त्यावर मोजत. एक्सपी आणि २००३ला ५० वेळा, २००७ला २५ वेळा. दिवसातून दहा वेळा वर्ड उघड-बंद करणाऱ्या माणसाची सवलत आठवड्यात उडायची आणि शेजारच्या टेबलावरच्या मशीनची महिनोन्महिने पुरायची. 'एकाच दिवशी बसवलं, मग माझंच का बंद पडलं' ही तक्रार त्या काळात फार ऐकली. ऑफिस २०१०पासून हिशेब दिवसांवर आला आणि ही कटकट मिटली.

दुसरी मुदत बिल्डची, म्हणजे सॉफ्टवेअरच्या त्या ठरावीक घडणीची. ही फक्त बीटा, प्रीव्ह्यू, टेक्निकल प्रीव्ह्यू असल्या आवृत्त्यांत असते. कॅलेंडरवरची एक ठरलेली तारीख प्री-रिलीज परवान्यातच लिहिलेली असते. तुम्ही कधी बसवलं, किती वेळा उघडलं, तुमची 'की' खरी आहे का, याच्याशी तिचा काही संबंध नाही. पहिल्या दिवशी बसवणाऱ्याला आणि शेवटच्या आठवड्यात बसवणाऱ्याला तारीख तीच. नाटकाचं तिकीट खरं असलं तरी पडदा पडल्यावर खुर्चीत बसून राहता येत नाही, तसं हे आहे. अ‍ॅक्टिव्हेशन म्हणजे तिकीट खरं असल्याचा शिक्का, प्रयोग लांबवायचा अधिकार नाही.

याखेरीज 'ट्रायल' हा तिसरा प्रकार आहे, पण तो तयार झालेल्या, विक्रीतल्या मालाचा. ऑफिस २००७ आणि २०१०च्या काळात ६० दिवसांची ट्रायल मिळे, आता मायक्रोसॉफ्ट ३६५ची महिनाभराची मिळते. ट्रायलचे दिवस तुमच्या सुरुवातीपासून मोजतात आणि पैसे भरले की तीच प्रत पुढे चालू राहते. बीटाचं तसं नाही. बीटाला पैसे भरून 'कायमचा' करता येत नाही, हे कित्येकांना शेवटच्या दिवसापर्यंत कळत नाही.

उदाहरण म्हणून ऑफिस २०१०चा बीटा घेऊ. जुना आहे, पण त्याच्या सगळ्या तारखा समोर आहेत म्हणून समजावायला सोपा. आमंत्रितांसाठीचा टेक्निकल प्रीव्ह्यू जुलै २००९मध्ये आला. सर्वांसाठीचा बीटा १८ नोव्हेंबर २००९ला. अंतिम आवृत्ती १५ एप्रिल २०१०ला तयार झाली, व्यावसायिक ग्राहकांसाठीचा समारंभ १२ मे रोजी झाला आणि दुकानात खोकी आली १५ जूनला. बीटाची मुदत मात्र ३१ ऑक्टोबर २०१०. म्हणजे खरा माल बाजारात आल्यावरही बीटा साडेचार महिने चालू होता. हे अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं. मोठ्या कार्यालयांना बजेट मंजूर करून घ्यायचं असतं, जुनी अ‍ॅड-इन तपासायची असतात, आणि तोवर लोकांची कामं अडू नयेत. पण या चार महिन्यांतच माणूस सुस्तावतो. जूनमध्ये 'बघू नंतर' म्हणायचं आणि एक नोव्हेंबरला सकाळी फोन करायचा, हा ठरलेला क्रम.

मुदत संपल्यावर नेमकं काय होतं ते प्रत्येक सॉफ्टवेअरचं वेगळं. ऑफिसचा रोख सहसा 'रिड्यूस्ड फंक्शनॅलिटी'कडे असतो: फाइल उघडते, वाचता येते, पण टूलबारवरची बटणं करडी पडतात, नवीन लिहिता येत नाही, बदल सेव्ह होत नाहीत. विंडोज ७च्या रिलीज कँडिडेटचा (अंतिम आवृत्तीच्या अगदी आधीच्या चाचणी आवृत्तीचा) खाक्या याहून कडक होता. त्याची मुदत १ जून २०१०ला संपणार होती, पण १ मार्चपासूनच मशीन दर दोन तासांनी आपोआप बंद होऊ लागलं. निरोप पोचवायची ती पद्धत लोकांना बिलकूल आवडली नाही, पण निरोप पोचला हे खरं. ऑफिसची पिवळी पट्टी त्यामानाने फार सभ्य आहे, आणि म्हणूनच सगळे तिच्या उजव्या कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करून मोकळे होतात.

आता रीआर्मकडे वळू. ऑफिस २०१०च्या व्हॉल्यूम आवृत्तीबरोबर (कार्यालयांना अनेक मशीनसाठी एकत्र मिळणाऱ्या) एक छोटा प्रोग्राम येत असे, 'ओएसपीपी-रीआर्म' नावाचा. तो चालवला की ग्रेस पीरियड पुन्हा ३० दिवसांवर येई, आणि असं पाच वेळा करता येई. मूळचे ३० अधिक पाच वेळा ३०, एकूण १८०. हा आकडा इंटरनेटवर इतका फिरला की लोकांनी त्याला फुकट सहा महिन्यांची योजनाच मानलं. मुळात तो प्रोग्राम त्यासाठी नव्हताच.

त्याचं खरं काम असं: समजा कार्यालयात चाळीस मशीनवर एकसारखं ऑफिस बसवायचंय. तुम्ही एक मशीन तयार करता, त्याची प्रतिमा (डिस्कची जशीच्या तशी नक्कल) काढता आणि ती बाकीच्यांवर उतरवता. प्रतिमा काढण्याआधी रीआर्म केलं नाही, तर दोन गोष्टी बिघडतात. एक, ग्रेस पीरियडचे जे दिवस मूळ मशीनवर खर्च झाले ते सगळ्यांवर खर्च झालेलेच येतात. दुसरी जास्त चिवट: प्रत्येक मशीनला अ‍ॅक्टिव्हेशनसाठी एक वेगळा ओळखक्रमांक लागतो, सीएमआयडी. रीआर्मविना प्रतिमा उतरवली की चाळीसही मशीन तोच क्रमांक घेऊन उभी राहतात. कार्यालयातल्या सगळ्या प्रतींना परवाना देणारा केएमएस सर्व्हर मग चाळीस मशीनना एकच मशीन समजतो. ऑफिससाठी केएमएसला किमान पाच मशीन दिसावी लागतात, त्याशिवाय तो कोणालाच अ‍ॅक्टिव्हेट करत नाही. म्हणून इथे मोजणी एकावर अडून बसते आणि प्रत्येक स्क्रीनवर ०एक्स-सी००४एफ०३८ ही त्रुटी येते, जिचा अर्थ 'मोजणी अपुरी'. डोळ्यासमोर चाळीस मशीन चालू असताना सर्व्हर एकच म्हणतोय, हे पाहून नवखा माणूस नेटवर्कच्या तारा उपसत बसतो. नेटवर्कचा दोष असता तर बहुधा ०एक्स-सी००४एफ०७४ दिसली असती, म्हणजे 'केएमएसशी संपर्कच झाला नाही'. शेवटचे तीन अंक नीट वाचले तर निम्मा दिवस वाचतो.

आणखी एक १८० आहे, त्याने गोंधळ वाढतो. केएमएसने अ‍ॅक्टिव्हेट केलेली प्रत १८० दिवस वैध असते आणि दर सात दिवसांनी ती सर्व्हरला विचारून आपली मुदत पुन्हा पूर्ण करून घेते. हे १८० आणि रीआर्मचे १८० यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, योगायोगाने आकडा एक आहे. आणि बिल्डच्या तारखेशी तर दोघांचाही नाही. पाचही रीआर्म शिल्लक असले तरी ३१ ऑक्टोबर म्हणजे ३१ ऑक्टोबर. रीआर्म संपल्यावर पुन्हा प्रयत्न केलात तर ०एक्स-सी००४डी३०७ येईल, 'कमाल मर्यादा ओलांडली'.

आता तुमच्या मशीनवर खरं काय चाललंय ते कसं पाहायचं. पट्टीवर किंवा अकाउंटच्या पानावर विसंबू नका. ऑफिसच्या फोल्डरमध्ये 'ओएसपीपी डॉट व्हीबीएस' नावाची स्क्रिप्ट असते. २०१०साठी ते फोल्डर 'ऑफिस१४', २०१३साठी 'ऑफिस१५', आणि त्यानंतर २०१६, २०१९, २०२१, २०२४ सगळ्यांसाठी 'ऑफिस१६'. (२००७चा आतला क्रमांक १२ होता. १३ गाळला, तो आकडा अशुभ मानतात म्हणून.) ३२-बिट ऑफिस ६४-बिट विंडोजवर असेल तर हे फोल्डर 'प्रोग्राम फाइल्स'च्या एक्स८६ लावलेल्या भावंडात सापडेल. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, त्या फोल्डरमध्ये जा, 'सीस्क्रिप्ट'ने ही स्क्रिप्ट चालवा आणि पुढे तिरपी रेघ देऊन 'डीस्टेटस' लिहा.

जे उत्तर येतं त्यात दोन्ही मुदती शेजारी शेजारी, वेगवेगळ्या ओळींवर लिहिलेल्या असतात. 'लायसन्स स्टेटस' या ओळीत 'लायसन्स्ड' असेल तर अ‍ॅक्टिव्हेशन झालं. 'ओओबी ग्रेस' असेल तर अजून सवलतीवर चाललंय. 'नोटिफिकेशन्स' असेल तर सवलत संपून टोचणी सुरू झालीय. 'रिमेनिंग ग्रेस'मध्ये उरलेले दिवस आणि कंसात मिनिटं येतात. नुकत्याच केएमएसशी बोललेल्या मशीनवर २,५९,२०० मिनिटांच्या आसपास आकडा दिसेल, म्हणजे १८० दिवस. ही सगळी पहिली मुदत.

दुसरी मुदत असते 'बीटा एक्स्पिरेशन' या ओळीत, आणि ती ओळ अंतिम आवृत्तीतही छापली जाते. तिथे १ जानेवारी १६०१ अशी तारीख दिसते आणि लोक हादरतात. चारशे वर्षांपूर्वी संपलंय म्हणे! घाबरायचं कारण नाही. विंडोज आपला काळ १ जानेवारी १६०१पासून मोजतं, त्यामुळे तारखेच्या खान्यात शून्य असलं की तीच तारीख छापली जाते. शून्य म्हणजे बीटाची मुदतच नाही, म्हणजे तुमच्याकडे पक्की आवृत्ती आहे. त्या जागी या शतकातली तारीख दिसली तर तो खरा बीटा, आणि ती तारीख अंतिम. 'लायसन्स्ड' आणि पुढल्या महिन्याची 'बीटा एक्स्पिरेशन' ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. तुमच्या पट्टीचं कोडं एवढंच आहे.

एक अपवाद. मायक्रोसॉफ्ट ३६५चं वर्गणीवालं ऑफिस नव्या पद्धतीने परवाना ठेवत असेल तर ही स्क्रिप्ट 'एकही की बसवलेली आढळली नाही' असं सांगेल. ते चूक नसतं. तिथे त्याच फोल्डरमधली 'व्हीनेक्स्टडायग' ही पॉवरशेल स्क्रिप्ट चालवावी.

घड्याळ मागे घेण्याची युक्ती कोणीतरी सुचवेलच, म्हणून तेही. मशीनची तारीख मागे केली तर ऑफिस फसेल की नाही हा प्रश्न दुय्यम आहे, आधी बाकी सगळं फसतं. ब्राउझर प्रत्येक सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र नाकारू लागतो. कार्यालयाच्या डोमेनवर असाल तर कर्बेरॉसला, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेला, पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, त्यामुळे लॉगिनच अडतं. आउटलुकमधल्या भेटी आणि पाठवलेल्या पत्रांवरच्या वेळा खोट्या पडतात. शिवाय परवाना सांभाळणारी यंत्रणा वेळेतली ढवळाढवळ ओळखायचा प्रयत्न करतेच. व्हर्च्युअल मशीनचा (संगणकातल्या आभासी संगणकाचा) जुना स्नॅपशॉट, म्हणजे साठवून ठेवलेली आधीची स्थिती, परत आणला तरी बाहेरची तारीख आजचीच, म्हणून बिल्डची मुदत तिथेही हटत नाही. आणि 'केएमएस अ‍ॅक्टिव्हेटर' नावाने जे फिरतं ते बेकायदेशीर आहे, बीटाच्या तारखेला उपयोगी नाही, आणि ते चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करा असं सांगतात. इतकं सांगितल्यावर पुढे बोलायची गरज नसावी.

ही तारीख कंपन्या घालतातच कशाला, हा रास्त प्रश्न आहे. पैसे हे कारण अर्धंच. बीटाला सुरक्षेचे पॅच कायम मिळत नाहीत. अंतिम आवृत्ती आली की बीटातली भोकं बुजवायला कोणी बसत नाही, आणि अशी हजारो मशीन वर्षानुवर्षं जगभर चालू राहणं कोणालाच परवडणारं नाही. फाइलींचा ढाचाही बीटाच्या काळात पक्का झालेला नसतो. फुकटाला मागणी किती असते तेही पाहा: ऑफिस २००७च्या दुसऱ्या बीटासाठी इतकी झुंबड उडाली की ऑगस्ट २००६पासून मायक्रोसॉफ्टने प्रत्येक डाउनलोडला दीड डॉलर आकारायला सुरुवात केली. असे लाखो लोक तारखेविना सोडले असते तर त्यांतले निम्मे आजही तोच बीटा वापरत असते, असं मला अनुभवावरून वाटतं.

तारीख येण्याआधी काय करायचं? वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंटच्या फाइलींची मला चिंता नसते. त्या डिस्कवर स्वतंत्र पडलेल्या असतात, त्यांचा ढाचा जाहीर आहे, दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात उघडतात. बीटा मेला तरी फाइल मरत नाही. चिंता आउटलुकची करा. पीओपी खातं (पत्रं मशीनवर उतरवून घेणारं) असेल तर पत्रं तुमच्या मशीनवरच्या पीएसटी फाइलीत असतात, सर्व्हरवर त्यांची प्रत असेलच असं नाही. ती फाइल कुठे आहे ते अकाउंट सेटिंग्जमधल्या डेटा फाइल्सच्या यादीत पाहा, आउटलुक बंद करून तिची प्रत बाहेर काढा. एक्स्चेंज खातं असेल, किंवा आउटलुक २०१३ वा त्यानंतरच्या आवृत्तीत आयमॅप खातं असेल, तर ओएसटी फाइल असते, म्हणजे सर्व्हरवरच्या पत्रांची मशीनवरची प्रत. ती उचलून दुसऱ्या प्रोफाइलमध्ये लावता येत नाही. पत्रं सर्व्हरवरून परत उतरतील हे खरं, पण 'फक्त या संगणकावर' असा शेरा असलेली फोल्डरं, संपर्क किंवा कॅलेंडर असेल तर ते सर्व्हरवर नसतं. ते आधी पीएसटीमध्ये एक्स्पोर्ट करा, आणि आउटलुक पूर्ण चालू असतानाच करा, बटणं करडी पडल्यावर नाही. जमलं तर स्वाक्षऱ्या, ऑटोकरेक्टच्या नोंदी आणि वर्डचं 'नॉर्मल' टेम्पलेट यांच्याही प्रती घ्या. यांची आठवण नेहमी नंतर येते.

मग बीटा काढा आणि अंतिम आवृत्ती नव्याने बसवा. बीटावरच अंतिम आवृत्ती चढवायचा मोह टाळा. २०१०च्या वेळी तसं करायला अधिकृत पाठिंबाच नव्हता, आधी अनइन्स्टॉल करावंच लागे. आणि बिट बदलत असतील तर मुळीच नाही, ३२ आणि ६४-बिट ऑफिस एका मशीनवर एकत्र नांदत नाहीत.

इथे एक हमखास अडचण येते. बीटा काढला, विकत घेतलेलं ऑफिस बसवलं, पैसे भरले, अ‍ॅक्टिव्हेट केलं, आणि 'ही आवृत्ती संपणार' ही पट्टी पुन्हा हजर! माणूस विक्रेत्याशी भांडायला उठतो. बहुतेक वेळा बीटाची की परवान्यांच्या साठ्यात मागे राहिलेली असते आणि ऑफिस तिच्याकडे बघत असतं. 'डीस्टेटस' पुन्हा चालवा. उत्तरात एकाऐवजी दोन नोंदी दिसतील, एकीत १६०१ आणि दुसरीत खरी तारीख. तारीखवाल्या नोंदीखाली कीचे शेवटचे पाच अक्षर-अंक दिलेले असतात. तीच स्क्रिप्ट 'अनपीकी' (unpkey) या पर्यायाने चालवा, पुढे विसर्गासारखे दोन ठिपके आणि ते पाच अक्षर-अंक द्या. की निघते, ऑफिस बंद करून उघडलं की पट्टी जाते. दोन्हींपैकी चुकीची काढू नका एवढंच, आधी उत्तराचा फोटो काढून ठेवा. अनइन्स्टॉलच अर्धवट अडकलं असेल तर मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं काढून टाकण्याचं साधन वापरा, रजिस्ट्री हाताने खरवडू नका.

आजकाल 'बीटा' म्हणून जे मिळतं ते बहुधा इनसायडर कार्यक्रमातलं असतं, 'बीटा चॅनल' किंवा 'करंट चॅनल प्रीव्ह्यू'. तिथे मुळात वर्गणी तुमची हवी, आणि नवीन बिल्ड येतच राहतात, त्यामुळे अद्ययावत ठेवलंत तर मुदत सहसा डोळ्यांसमोर येत नाही. मात्र वर्गणीच्या ऑफिसला ३० दिवसांत एकदा तरी इंटरनेटवरून परवाना तपासू द्यावा लागतो, नाहीतर ते वाचण्यापुरतं उरतं. आयपॅडवर टेस्टफ्लाइटमधून (अ‍ॅपलच्या चाचणी-अ‍ॅपमधून) घेतलेली कुठलीही बिल्ड ९० दिवसांत संपते, तो नियम अ‍ॅपलचा आहे, ऑफिसचा नाही. एकदाच पैसे भरायच्या आवृत्त्यांचे, म्हणजे एलटीएससीचे प्रीव्ह्यू अजूनही जुन्या वळणाचे आहेत: वेगळी की आणि ठरलेली अखेर.

लिब्रेऑफिसच्या बीटाला यातलं काहीच नाही. ना की, ना अ‍ॅक्टिव्हेशन. ते 'लिब्रेऑफिसडेव्ह' या वेगळ्या नावाने, वेगळ्या प्रोफाइलसह तुमच्या नेहमीच्या लिब्रेऑफिसशेजारी बसतं. फक्त नवं काही करून पाहायची हौस असेल तर ते जास्त सोयीचं.

तुमच्या बाबतीत मी आज एवढंच करीन: 'डीस्टेटस' चालवून 'बीटा एक्स्पिरेशन'ची ओळ पाहीन, तिच्या दोन आठवडे आधीची आठवण फोनमध्ये लावीन, आणि आउटलुक वापरत असाल तर पीएसटीची प्रत आजच काढून ठेवीन. स्क्रिप्टच्या उत्तरात दोन नोंदी दिसल्या आणि कुठली काढायची ते कळलं नाही, तर कीचे अंक झाकून बाकीचं उत्तर इथे टाका.